हे ‘नॅनो’ नेमकं काय प्रकरण आहे? डीएपीसोबत बाटली घ्यावी का?

दुधनाकाठ
नमस्कार मंडळी. खरीप तोंडावर आलंय. तालुक्याला डीएपी खत आणायला गेलं की दुकानदार गोण्यांसोबत नॅनो युरियाची बाटली टेकवतो. नको म्हटलं की ‘मग डीएपी शिल्लक नाही’. बाटली वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, कारण ती आहे काय हेच मला कळलेलं नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, ‘बारीक असतंय, लवकर लागू होतंय.’

आता हा शब्द सगळीकडंच दिसतो. पाण्याचं मशीन विकायला आलेला पोरगा ‘नॅनो सिल्व्हर’ म्हणतो, रंगाच्या डब्यावर नॅनो, घरात आणलेल्या क्रीमवर नॅनो. माझे सवाल साधे आहेत. हे खरंच काही वेगळं आहे की नुसतं नाव? फायदा कुणाला? आणि पंप पाठीवर घेऊन फवारणाऱ्या माणसाच्या अंगात हे एवढं बारीक काही गेलं तर काय होतं? जाणकारांनी लिहावं. लांबलं तरी चालेल, सध्या वाचायला वेळ आहे, पाऊस आला की नसणार.

आगलाव्या
नॅनो म्हटलं की मला गाडीच आठवते. ती २०१८ ला बंद झाली. बाटली किती दिवस चालते बघू.

मास्तर_अंबाजोगाई
लांबलं तरी चालेल म्हणालात, आता भोगा.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. करोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर या टप्प्यातल्या वस्तूंना नॅनो म्हणायचं असं शास्त्रज्ञांनी ठरवलंय. पण नुसतं ‘बारीक’ म्हणून सोडून दिलं तर मुद्दा हातातून जातो. बारीक झाल्यावर पदार्थ वागायला वेगळा लागतो, म्हणून त्याचं वेगळं शास्त्र झालं. तसं होण्याची दोन कारणं.

पहिलं कारण पृष्ठभाग. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहाही बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचेच एक-एक नॅनोमीटर बाजूचे घन केले असं समजा. पदार्थ तेवढाच, वजन तेवढंच, पण सगळ्या तुकड्यांचा पृष्ठभाग मिळून ६,००० चौरस मीटर भरतो. म्हणजे जवळपास दीड एकर! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते, त्यामुळे तीच वस्तू कितीतरी जास्त चपळ होते. कामाला चपळ, आणि त्रास द्यायलाही चपळ. दुधनाकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे.

दुसरं कारण असं की या मापात इलेक्ट्रॉनचे नियम डोळ्यांना दिसू लागतात. सोन्याचे २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण पाण्यात तरंगत ठेवले तर पाणी लालभडक दिसतं. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये असं लाल सोनं बनवून त्यावर निबंध वाचला होता. क्वांटम डॉट म्हणून जे कण असतात त्यांचा पदार्थ एकच, पण आकार बदलला की रंग बदलतो. त्या कामाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या क्षेत्राची सुरुवात सांगताना लोक रिचर्ड फाइनमन यांच्या डिसेंबर १९५९ च्या व्याख्यानाचं नाव घेतात. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द मात्र जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला. आणि प्रत्यक्ष अणू ‘बघायची’ सोय झाली १९८१ मध्ये, झुरिकला बिनिग आणि रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप केला तेव्हा. १९८६ चं नोबेल त्या दोघांना आणि जर्मनीच्या रुस्का यांना विभागून मिळालं. रुस्कांचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप १९३१ चा.

कोरडवाहू
दीड एकर साखरेच्या खड्याएवढ्या घनात! मास्तर, सातबारा कुणाच्या नावावर निघल? भाऊबंदकीत वाटण्या कशा करायच्या?

जर्मनी_परभणी
मायक्रोस्कोप जर्मनीचा म्हटल्यावर पुढचं मी सांगायलाच पाहिजे का? जगात जर्मनी, भारतात परभणी. आमच्याकडं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, बाटलीचा निकाल तिथंच लागू द्या.

पांढरं_सोनं
मास्तरांचं शास्त्र झकास. आता माझा हिशोब ऐका, चौथीच्या पोराला जमतो.

युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. किंमत पावणेतीनशेच्या आत. नॅनो युरियाची बाटली अर्धा लिटरची. २०२१ मध्ये ती बाजारात आली तेव्हा नत्र होतं ४ टक्के, म्हणजे बाटलीभर मिळून २० ग्रॅम. आणि जाहिरात काय, तर एक बाटली बरोबर एक गोणी. आता नवीन बाटलीत नत्र २० टक्के केलंय, तरी १०० ग्रॅमच झालं.

कुणी म्हणेल बारीक कण आहे, पानातून थेट आत जातो, वाया जात नाही. मान्य. जमिनीत टाकलेल्या युरियातलं ३०-४० टक्केच नत्र पिकाला लागू होतं, बाकी हवेत उडतं नाहीतर पाण्याबरोबर खाली जातं. पण तेवढं धरलं तरी गोणीतून पिकाला ६-८ किलो नत्र मिळालं ना? त्याची बरोबरी २० ग्रॅम कसं करणार? नत्र म्हणजे काही मंत्र नाही. दाण्यातल्या प्रथिनात तोलून घातलेलं असतं ते, वजनच पाहिजे.

दुसरं. पानावर युरिया फवारायची पद्धत जुनीच आहे. २ टक्क्यांची फवारणी आपण सगळे करतो. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम साधा युरिया टाकला की त्यात १३८ ग्रॅम नत्र आलं. एका पंपात! पाच-सहा रुपयेसुद्धा लागत नाहीत.

कृषीमित्र_निवृत्त
पांढरं_सोनं यांचा हिशोब बरोबर आहे, पण निकाल घाईचा वाटतो. मी खात्यात नोकरी केली, कंपनीत नाही, हे आधी सांगून ठेवतो.

कोरडवाहू कपाशीला पात्या-फुलं लागताना पावसाने ताण दिला तर जमिनीतून टाकलेलं खत तसंच पडून राहतं, ओल नसल्यावर मुळं ते उचलणार कशी? अशा वेळी पानावरची फवारणी पिकाला धरून ठेवते. मग ती साध्या युरियाची असो नाहीतर नॅनोची. साध्या युरियात जास्त झालं तर पानं करपतात, नॅनोत मात्रा लिटरला २ ते ४ मिली, करपण्याची भीती कमी. वाहतुकीची सोय आहेच. ज्यांच्या शेताला पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा जात नाही त्यांना विचारा.

पण ‘गोणी बंद करून बाटली’ हे मी कुणालाही सांगितलं नाही आणि सांगणार नाही. पेरणीचा डोस तो पेरणीचा डोस. आणि सोयाबीनवाल्यांनी तर शांत बसावं, त्याच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळा आधी.

पांढरं_सोनं
साहेब, आदर ठेवून बोलतो. पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं प्रयोग केला, युरियाचा काही भाग काढून त्याजागी नॅनोच्या फवारण्या. गव्हाचं उत्पादन २१.६ टक्क्यांनी आणि भाताचं १३ टक्क्यांनी घटलं. धान्यातली प्रथिनंही घटली. कोपनहेगन विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी तर या दाव्यामागच्या शास्त्रावरच कडक लेख लिहिला.

कृषीमित्र_निवृत्त
वाचलंय. कंपनीच्या चाचण्या सरासरी ८ टक्के वाढ सांगतात, तेही वाचलंय. पंजाबचा गहू म्हणजे भरपूर पाणी, भरपूर खत. आपली हलकी जमीन, कपाशी आणि तूर. तिथला आकडा जसाच्या तसा इथं लावता येत नाही, आणि कंपनीचाही येत नाही. ज्याने त्याने आपल्या रानात ताडून बघावं.

आगलाव्या
साहेबांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवून दुधना ओलांडली.

लॅबवाली_संभाजीनगर
दुधनाकाठ काका, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहिते. मी नॅनोकणांवरच काम करते, पण खताच्या नाही, सेन्सरच्या.

‘नॅनो चांगलं की वाईट’ हा प्रश्नच मला लागू पडत नाही. तीन गोष्टी विचारायच्या: कण कशाचा आहे, कुठल्या रूपात आहे, आणि शरीरात कुठून शिरतो. युरिया पाण्यात विरघळून जातो. विरघळला की कण उरतच नाही, मग तो आत साध्या युरियासारखाच वागणार. त्यामुळे बाटलीतल्या युरियाची भीती मला कमी वाटते. चांदी, टायटॅनियम डायऑक्साइड, कार्बन यांचे कण सहज विरघळत नाहीत, ते टिकून राहतात. तिथं जपायचं.

रूप म्हणजे काय, तर कार्बन नॅनोट्यूबचं उदाहरण घ्या. एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उंदरांवर दाखवलं की लांब, ताठ नळ्या शरीरात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह करतात. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. पदार्थ एकच! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही नळीच्या एका विशिष्ट प्रकाराला ‘कर्करोगाची शक्यता’ या गटात टाकलं, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून ठेवला.

आणि वाट. धडधाकट कातडीतून हे कण फारसे आत जात नाहीत. सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइडचे कण कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात अडकतात. खरी उघडी वाट फुफ्फुसाची. म्हणून आमच्या लॅबमध्ये तेच कण पाण्यात असले तर आम्ही जरा निवांत असतो, कोरडी पूड झाली की हवा ओढून घेणाऱ्या हूडखालीच उघडतो.

उदगीरची_काकू
ताई, म्हणजे ते क्रीम लावलं तर चालतंय ना? सून लावते, मी पण लावते गुपचूप. शिळं दूध लावल्यासारखं पांढरं दिसत नाही आता, आधीचं दिसायचं.

लॅबवाली_संभाजीनगर
काकू, उघड लावा! पांढरं दिसत नाही ते नॅनोमुळेच. कण मोठे असले की प्रकाश विखुरतात आणि चेहरा पांढरा दिसतो, बारीक केले की दिसत नाहीत, पण अतिनील किरण अडवायचं काम करतात. फक्त स्प्रेचा डबा घेऊ नका, तो नाकात जातो. चोळायचं घ्या.

खाण्यातला टायटॅनियम डायऑक्साइड मात्र वेगळी गोष्ट. मिठाई, च्युइंगगम पांढरंशुभ्र करायला तो वापरायचे. युरोपने २०२२ पासून खाण्यात बंदी घातली. पेशीतल्या जनुकांना इजा होत नाही अशी खात्री देता येत नाही, हे कारण.

रोलिंगमिल_जालना
म्या शेतकरी नाही, वेल्डर आहे. ताई तुमी फुफ्फुसाचं बोललात म्हून इचारतो. आमच्याकडं दिवसभर धूर. त्यात पण हे नॅनो असतंय का? आमी रुमाल बांधतो.

लॅबवाली_संभाजीनगर
दादा, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात असं मला वाटतं. हो, असतं. वेल्डिंगमध्ये धातू वाफ होतो आणि हवेत थिजतो, ते कण सुरुवातीला नॅनोच असतात, मग एकमेकांना चिकटून साखळ्या होतात. त्याच कर्करोग संस्थेने वेल्डिंगचा धूर ‘माणसात कर्करोग करतो’ या पहिल्या गटात टाकलाय. डिझेलचा धूरही २०१२ पासून त्याच गटात आहे.

रुमालाने काही होत नाही. एन-९५ मास्क वापरा, चेहऱ्याला घट्ट बसेल असा. पुष्कळांना वाटतं की कण इतके बारीक म्हटल्यावर मास्कमधून आरपार जातील, तसं नाही. मास्कला सगळ्यात अवघड जातात ते मधल्या मापाचे कण. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भटकतात आणि धाग्यांना जाऊन चिकटतात. त्यामुळे अगदी बारीक नॅनोकण उलट चांगले अडकतात. मालकाला धूर ओढणारा पंखा लावायला सांगा, मास्कच्या आधी तो पाहिजे.

रोलिंगमिल_जालना
मालकाला सांगायचं म्हंजे… बरं. मास्क तर घेतोच.

उदगीरची_काकू
मग चुलीचं काय? आमची उभी हयात फुंकणी घेऊन गेली. सासूबाईंना शेवटी दमच लागत नव्हता.

लॅबवाली_संभाजीनगर
चुलीच्या धुरातही तेच, काकू. काजळीचे मूळ कण नॅनोच्या मापाचेच असतात. नॅनो हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून बायका ते ओढत आल्या, त्यावर बाटलीसारखं लेबल नव्हतं एवढंच.

वैद्यकट्टा
इथे सगळे फॅरडे आणि फाइनमन सांगत आहेत. आपल्याकडे सुवर्णभस्म शतकानुशतके वापरात आहे. आधुनिक उपकरणांनी तपासल्यावर त्यात नॅनो आकाराचे सोन्याचे कण सापडले. पारंपरिक वुट्झ पोलादाच्या तलवारीत कार्बन नॅनोट्यूब सापडल्याचं जर्मन शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये जाहीर केलं, आणि ते पोलाद दक्षिण भारतातून जायचं. म्हणजे हे शास्त्र आपल्याला नवीन नाही.

मास्तर_अंबाजोगाई
वैद्यराज, कण सापडले हे खरं. पण चौथ्या शतकात रोमन कारागिरांनी सोन्या-चांदीचे नॅनोकण मिसळलेला काचेचा प्याला केला, बाहेरून उजेड पडला की हिरवा, आतून उजेड लावला की लाल. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या कारागिराला नॅनोशास्त्र येत होतं असं आपण म्हणतो का? हात कसबी होता. लोहाराचा आणि भस्म करणाऱ्याचाही होता. कण किती मापाचा, तो तसा का वागतो आणि मापाने पुन्हा तसाच कसा करायचा, हे सांगता आलं की त्याला शास्त्र म्हणू.

आपल्या घरातली गोष्ट सांगतो. सोन्याचा वर्ख १०० नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा असतो. उजेडासमोर धरला तर पलीकडचा उजेड हिरवट दिसतो. सणाला मिठाईवर सोन्याचा वर्ख आला तर करून बघा.

डॉक्टर_लातूर
भस्माबद्दल एक वाक्य. काही भस्मांत पारा आणि शिसं असतं, आणि कण बारीक झाला म्हणून शिशाचं विष उतरत नाही. मास्तरांचा दीड एकर आठवा.

औषधातलं नॅनो बघायचं तर २०२१ आठवा. करोनानंतर काळी बुरशी आली, तेव्हा ज्या इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्री-अपरात्री फोन करत होते ते लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. ॲम्फोटेरिसिन हे औषध जुनंच, पण साधं दिलं की किडनीला फार मारतं. तेच औषध शंभर नॅनोमीटरच्या आतल्या चरबीच्या गोळ्यांत बसवलं की किडनीवरचा मारा खूप कमी होतो आणि डोसही पुरेसा देता येतो. कॅन्सरमधलं डॉक्सोरुबिसिन असंच गोळीबंद करून दिलेलं, त्याला अमेरिकेत १९९५ मध्ये परवानगी मिळाली होती.

घरी केलेली करोनाची किंवा गर्भचाचणीची पट्टी, त्यावरची लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांची असते. मास्तरांनी सांगितलेलं फॅरडेचं लाल सोनं ते हेच. आपण ते कचऱ्यात टाकतो.

कोरडवाहू
सोनं कचऱ्यात?? कुठल्या दवाखान्याच्या मागं, पत्ता द्या.

डॉक्टर_लातूर
हजारो पट्ट्या गोळा करूनही मणी होणार नाही. पेरणीकडे लक्ष द्या.

पाणीबाणी
लातूरचाच आहे, म्हून पाण्यावर लिहूलालाव. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आम्ही पिलंय, त्यामुळं पाण्याच्या मशीनवाल्यांचा अभ्यास आपोआप झाला.

‘नॅनो सिल्व्हर’ हे खोटं नाही. चांदीचे कण जिवाणू मारतात. भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला बिनविजेचा फिल्टर ‘टाटा स्वच्छ’ २००९ मध्येच आला होता. पण चांदी जिवाणूपुरती. पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड ती काढत नाही. किनवटकडच्या ज्या गावांत बोअरच्या फ्लोराइडनं लेकरांचे दात पिवळे पडले तिथं चांदीचा काय उपयोग? तुम्हाला पोटाचा आजार टाळायचा की क्षार, हे आधी ठरवा, मग मशीन.

आणि गंमत ही की ज्याच्यावर नॅनो लिहिलेलं नसतं तो आरओच खरा नॅनो. त्याच्या पडद्यातली वाट एका नॅनोमीटरहून लहान असते. पाण्याचा रेणू जातो, क्षार मागं राहतात. फक्त एका लिटरमागं दोन-तीन लिटर पाणी फेकलं जातं. आमच्या गावात हे बघवत नाही. त्या पाण्याने भांडी घासा, फरशी पुसा, पण गटारीत सोडू नका राव.

बीडकर_पुण्यात
नावात नॅनो आणि आत काय, यावरून आठवलं. मी चिपच्या कंपनीत आहे. मोबाईलच्या चिपवर ‘३ नॅनोमीटर’ लिहितात ना, त्या चिपमध्ये तीन नॅनोमीटरची एकही ठरावीक गोष्ट दाखवता येत नाही. ट्रान्झिस्टरमधली अंतरं त्याच्या कितीतरी पट मोठी असतात. पूर्वी आकडा खऱ्या मापावरून यायचा, आता ते पिढीचं नाव झालंय. खतवाल्यांना नावं ठेवताना आम्हालाही ठेवा.

आगलाव्या
ठेवली.

गोदाकाठची_लेक
चांदीच्या मोज्यांबद्दल कुणीच बोललं नाही. भाऊ पोलीस भरतीचा सराव करतो, वास येत नाही म्हणून महागाचे मोजे आणले. दोन-चार धुण्यांनंतर घरभर वास! चांदी गेली कुठं?

लॅबवाली_संभाजीनगर
धुण्याच्या पाण्यात. ॲरिझोनाच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हेच मोजलं होतं, असे मोजे पाण्यात धुवून. काही मोज्यांतली जवळपास सगळी चांदी थोड्याच धुण्यांत निघून गेली. ती पुढे नाल्यात जाते आणि तिथले उपयोगी जिवाणूही मारू शकते. जखमेच्या पट्टीत चांदी असावी, मोज्यात मला तरी पटत नाही. भावाला सुती मोजे आणि ऊन दाखवा.

दुधनाकाठ
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचलं, काही दोनदा. लॅबवाल्या ताईंच्या उत्तराने फवारणीची धाकधूक कमी झाली. पण डीएपीसोबतची सक्ती तशीच आहे, त्यावर कुणीतरी बोला.

कृषीमित्र_निवृत्त
एका खतासोबत दुसरं घ्यायची सक्ती, ज्याला लिंकिंग म्हणतात, ती चालत नाही. खतं जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणि १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात. पक्कं बिल मागा. बाटली दिली असेल तर बिलावर येऊ द्या. पंचायत समितीच्या किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. एकट्याने जाऊ नका, चार-पाच जण मिळून जा, म्हणजे दुकानदार उद्या तुमच्या एकट्याचं खत अडवणार नाही.

दुकानदाराची बाजूही सांगतो, वरून येताना त्यालाही तसंच टेकवलेलं असतं.

पांढरं_सोनं
आणि एक, धाकधूक पुरती जाऊ देऊ नका. लोक नॅनोची बाटली एकटी फवारतच नाहीत. मजुरी वाचवायला त्याच पंपात कीटकनाशक ओततात. माणसाला मारणारं असलं तर ते आहे. २०१७ ला यवतमाळला फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ती कीटकनाशकाने, नॅनोने नाही. वारं पाठीमागून घ्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, भर उन्हात फवारू नका.

लॅबवाली_संभाजीनगर
याला माझा दुजोरा. फक्त एन-९५ धुळीला आणि थेंबांना चालतो, कीटकनाशकाच्या वाफेला पुरत नाही. ज्या औषधाच्या लेबलवर कवटी आहे ते शक्यतो घेऊच नका.

दुधनाकाठ
ठरवलं मग. डोस गोणीचाच देणार. घरात येऊन पडलेली बाटली वाया घालवायची नाही, रानाच्या एका पट्ट्यावर मारतो, बाजूच्या पट्ट्यावर २ टक्के साधा युरिया, आणि एक पट्टा कोरा. कपाशीतच करतो, माझी जास्त तीच आहे. निकाल इथं टाकीन.

कृषीमित्र_निवृत्त
तीन पट्टे उत्तम. फक्त बांधाकडचा पट्टा धरू नका, तिथं पीक नेहमी वेगळं येतं. बाटलीवरची मुदत बघून घ्या.

कोरडवाहू
कपाशीत नको भाऊ. रब्बीत ज्वारीत कर.

दुधनाकाठ
कामून?

कोरडवाहू
ज्वारीची एकदाच कापणी, एकदाच खळं, तीन ढीग तोलले की झालं. कपाशीच्या चार वेचण्या. दर वेचणीला बायकांना सांगायचं की या तीन पट्ट्यांचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधा. पहिल्या वेचणीला बांधतील. दुसरीला तू गावात नसशील. तिसरीला दिवाळी.